अंतराळातून परतीचा प्रवास

१५ जुलै २०२५ रोजी दुपारी भारतीय वेळेनुसार ३ वाजून १ मिनिटाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन दिएगो शहराजवळच्या सागरात एक शंकूच्या आकाराचे यान चार मोठ्या हवाई छत्र्यांच्या आधाराने अलगद उतरले. तेथे त्या वेळी उत्तररात्र होती. यानात चार अंतराळवीर होते आणि त्यांपैकी एक होते भारतीय हवाई दलातील ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात वास्तव्य करणारे पहिले भारतीय म्हणून त्यांची नोंद झाली आहे. सुमारे वीस दिवसांच्या मोहिमेचा हा अखेरचा टप्पा भारतातील असंख्य घरांतून, शाळांतून आणि कार्यालयांतून दूरचित्रवाणीवर पाहिला गेला.

यानाचे उड्डाण हे डोळे दिपवणारे दृश्य असते. अग्निबाणाची गर्जना, ज्वालांचा लोट आणि आकाशाकडे झेपावणारे यान यांची छायाचित्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. परतीच्या प्रवासात मात्र पडद्यावर बराच काळ आकडे सरकताना दिसतात, मग काही मिनिटे संपर्क तुटतो आणि अखेरीस एकाएकी छत्र्या उघडलेल्या दिसतात. मधल्या काळात नेमके काय घडते, हे सामान्य प्रेक्षकाला उलगडत नाही. वस्तुतः संपूर्ण मोहिमेतील अत्यंत कठीण अशा घटकांत याच तासाभराची गणना होते. म्हणूनच या प्रवासाचे शास्त्र समजून घेणे उद्बोधक ठरते.

वेगाचे ओझे

अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तेथे गुरुत्वाकर्षण नसते, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो बरोबर नाही. त्या उंचीवरही पृथ्वीचे आकर्षण भूपृष्ठावरील आकर्षणाच्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक खाली कोसळत नाही याचे कारण त्याचा वेग होय. ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने ते पुढे जात असते. ते सतत खाली पडतच असते. परंतु जितके ते खाली येते, तितकाच पृथ्वीचा गोल पृष्ठभागही त्याच्या खालून वळत जातो. त्यामुळे त्याची घिरटी अखंड चालू राहते.

परत यावयाचे म्हणजे हा प्रचंड वेग शून्यावर आणावयाचा. त्यातील अडचण एका साध्या गणिताने स्पष्ट होते. या वेगाने जाणाऱ्या एक किलोग्रॅम वजनाच्या वस्तूत जी गतिज ऊर्जा असते, ती पूर्णपणे उष्णतेत बदलली, तर साधारण तपमानाच्या अकरा लिटर पाण्याची संपूर्ण वाफ होऊ शकेल. यानाचे वजन तर अनेक टन असते. ही सारी ऊर्जा यानाला व आतील माणसांना इजा न करता कोठे तरी सोडून देणे हाच परतीच्या प्रवासाचा मुख्य प्रश्न आहे.

यानाचे इंजिन उलट दिशेने चालवून संपूर्ण वेग कमी करणे तत्त्वतः शक्य आहे. परंतु त्यासाठी उड्डाणाच्या वेळी लागला तितक्याच तोलाचा मोठा अग्निबाण व इंधन वर न्यावे लागेल. ते व्यवहार्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या वातावरणाचाच गतिरोधक म्हणून उपयोग करून घेतला. इंजिन केवळ काही मिनिटे चालविले जाते आणि त्यामुळे वेगात सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटर इतकीच घट होते. एकूण वेगाच्या मानाने ही घट जेमतेम दीड टक्का भरते. परंतु तेवढ्याने यानाची कक्षा वाकून वातावरणात शिरते. उरलेले काम हवा करते.

हे इंजिन कधी चालवावयाचे, हा निर्णय फार महत्त्वाचा असतो. यान एका सेकंदात साडेसात किलोमीटर अंतर कापते. म्हणजे दहा सेकंदांचा विलंब झाला, तर उतरण्याचे ठिकाण पाऊणशे किलोमीटर पुढे सरकते. शिवाय यान कोणत्या कोनातून वातावरणात शिरते, यालाही अत्यंत महत्त्व आहे. कोन फार तीव्र झाला, तर उष्णता आणि शरीरावर पडणारा भार असह्य होतो. कोन फार उथळ झाला, तर यान अपेक्षित स्थळाच्या कितीतरी पुढे जाते. चंद्रावरून सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने परतणाऱ्या अपोलो यानांना तर जेमतेम दोन अंश रुंदीच्या अदृश्य वाटेतून प्रवेश करावा लागत असे.

बोथट आकाराचे रहस्य

वातावरणात शिरणारे यान घर्षणामुळे तापते, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. घर्षणाचा वाटा असतो हे खरे. पण उष्णतेचे प्रमुख कारण वेगळे आहे. यान इतक्या वेगाने येते, की त्याच्या पुढील हवेला बाजूला सरकण्यास अवधीच मिळत नाही. ती दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, त्याचे मुख्य कारण हेच. तेच तत्त्व येथे अतिप्रचंड प्रमाणावर कार्य करते. यानाच्या पुढील हवा हजारो अंशांपर्यंत तापून तिच्या रेणूंचे विघटन होते व विद्युत्भारित कणांचा झगझगीत थर तयार होतो. या थरामुळे रेडिओलहरी अडतात आणि काही मिनिटे यानाचा संपर्क तुटतो. नियंत्रण कक्षात त्या वेळी पसरणारी शांतता हीच असते.

अशा यानाचा आकार बाणाच्या टोकासारखा निमुळता असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पूर्वी तज्ज्ञांचाही तसाच समज होता. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील एम्स प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ ज्युलियन ॲलन यांनी या समजाला धक्का दिला. बोथट वस्तूसमोर हवेचा एक जाड आघाततरंग निर्माण होतो व तो वस्तूपासून थोडा दूर राहतो. परिणामी निर्माण झालेल्या उष्णतेपैकी बहुतांश भाग बाजूने वाहून जाणाऱ्या हवेतच राहतो आणि यानाच्या वाट्याला अल्पांशच येतो, असे त्यांनी दाखवून दिले. आजवर अंतराळातून परतलेल्या बहुतेक कुप्यांचा तळ बशीसारखा पसरट असतो, त्याचे मूळ या संशोधनात आहे.

तो अल्पांशही कमी नसतो. यानाच्या तळाला १६०० अंश सेल्सिअसहून अधिक तपमान सोसावे लागते. यासाठी उष्णतारोधक कवच वापरतात. कुपीच्या प्रकारच्या यानांत हे कवच हळूहळू जळून झडत जाते आणि जाताना उष्णता बरोबर घेऊन जाते. पुन्हा पुन्हा वापरावयाच्या अमेरिकन शटल यानांवर मात्र वाळूतील सिलिका या द्रव्यापासून बनविलेल्या हलक्या फरशा बसविलेल्या असत. एका यानावर अशा तीस हजारांहून अधिक फरशा असत आणि प्रत्येकीचा आकार तिच्या जागेबरहुकूम ठरविलेला असे. या काळात अंतराळवीरांना स्वतःचे शरीर चौपट जड झाल्यासारखे वाटते. काही दिवस वजनरहित अवस्थेत राहिलेल्या शरीराला हा भार विशेष जाणवतो.

सागर, माळरान आणि धावपट्टी

वातावरणाने वेग कमी केल्यानंतर शेवटची काही किलोमीटर उंची उरते. येथून पुढे निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग अवलंबिले आहेत.

पहिला मार्ग सागराचा. शुक्ला ज्या ड्रॅगन यानातून आले, त्यात सुमारे साडेपाच किलोमीटर उंचीवर प्रथम दोन लहान छत्र्या उघडून यान स्थिर करतात. सुमारे दोन किलोमीटर उंचीवर चार मोठ्या छत्र्या उघडतात आणि पाण्याला स्पर्श होताना वेग ताशी पंचवीस किलोमीटरांच्या आसपास उरतो. यान तरंगू लागताच वेगवान नौका जवळ येतात. विषारी इंधनाची वाफ पसरलेली नाही ना, याची खात्री झाल्यावरच पुढील काम सुरू होते.

दुसरा मार्ग विस्तीर्ण माळरानाचा. रशियाची सोयुझ याने कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात उतरतात. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर छत्र्या उघडू लागतात. मुख्य छत्रीचे क्षेत्रफळ सुमारे एक हजार चौरस मीटर असते. जमीन मीटरभर अंतरावर राहिली, की तळाचे लहान अग्निबाण क्षणभर पेटून शेवटचा धक्का सौम्य करतात. भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११ यानातून गेले आणि ११ एप्रिल रोजी सोयुझ टी-१० यानातून याच पद्धतीने अर्कालिक शहराच्या परिसरात परतले.

तिसरा मार्ग धावपट्टीचा. १४ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे शटल यान जॉन यंग व रॉबर्ट क्रिपन या दोन वैमानिकांसह कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स विमानतळावर, एका कोरड्या सरोवराच्या तळावर उतरले. ते दृश्य पाहण्यासाठी दोन लाखांहून अधिक लोक वाळवंटात जमले होते. प्रथम ध्वनीहून अधिक वेगामुळे उठणारे दोन गडगडाट ऐकू आले आणि मग पांढरे यान दिसले. उतरताना या यानाला इंजिनाचे साहाय्य नसे. प्रवासी विमानाच्या मानाने सहा-सात पट तीव्र उतारावरून ते घसरत येई आणि ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने चाके टेकवी. चुकल्यास पुन्हा फेरी मारण्याची सोय नव्हती. असे शेवटचे शटल यान २१ जुलै २०११ रोजी उतरले आणि तो अध्याय संपला.

अपघातांचे धडे

या तंत्राची किंमत मानवाने प्राणांनी मोजली आहे. २४ एप्रिल १९६७ रोजी सोयुझ-१ यानाची मुख्य छत्री नीट न उघडल्यामुळे व्लादिमीर कोमारोव्ह यांचा अंत झाला. ३० जून १९७१ रोजी सोयुझ-११ यान पाहणाऱ्यांच्या दृष्टीने अगदी बिनचूक उतरले होते. शोधपथकाने झडप उघडली, तेव्हा आतील तिघेही अंतराळवीर गतप्राण झालेले आढळले. यानाचे भाग वेगळे होत असता एक लहानशी झडप अवेळी उघडली होती आणि आतील हवा निघून गेली होती. त्या वेळी अंतराळवीर दाबरोधक पोशाखाविना प्रवास करीत. या दुर्घटनेनंतर परतीच्या प्रवासात असा पोशाख घालणे अनिवार्य करण्यात आले आणि तो नियम आजही पाळला जातो.

१ फेब्रुवारी २००३ रोजी, २२ वर्षांपूर्वी लाखो लोकांनी टाळ्यांच्या गजरात उतरताना पाहिलेले तेच कोलंबिया यान टेक्सास राज्यावर सुमारे ६० किलोमीटर उंचीवर भंग पावले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. नियोजित अवतरणाला तेव्हा सुमारे सोळा मिनिटे उरली होती. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढील कडेवर आदळला होता. तेथे पडलेल्या भगदाडातून तप्त वायू पंखात शिरला.

या घटनेतील दोन गोष्टी प्रशासन व समाज यांच्या दृष्टीने मननीय आहेत. पहिली अशी, की फेसाचा तुकडा आदळल्याचे दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसले होते. यान कक्षेत असताना पंखाची छायाचित्रे घ्यावीत, असा आग्रह काही अभियंत्यांनी धरला होता. परंतु तो वरिष्ठ पातळीवर मान्य झाला नाही. पूर्वीही फेस सुटला होता व काही बिघडले नव्हते, या अनुभवामुळे धोक्याची सवय होऊन गेली होती. चौकशी मंडळाने तांत्रिक कारणाइतकाच दोष या कार्यपद्धतीलाही दिला. कनिष्ठांची शंका योग्य पातळीपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी असावी, हा धडा कोणत्याही कार्यालयास लागू पडतो.

दुसरी गोष्ट सामान्य नागरिकांविषयीची आहे. त्या पहाटे कॅलिफोर्नियापासून पुढे अनेक ठिकाणी हौशी निरीक्षक आकाशाकडे कॅमेरे लावून बसले होते. त्यांच्या चित्रफिती जमवून व वेळा जुळवून पाहिल्यावर असे निष्पन्न झाले, की संपर्क तुटण्याच्या सुमारे सहा मिनिटे आधी, कॅलिफोर्नियावरच यानाचे तुकडे सुटू लागले होते. नियंत्रण कक्षाला त्या वेळी याची कल्पना नव्हती. पुढे हजारो लोकांनी शेते व जंगले पायी तुडवून सुमारे ८४ हजार तुकडे गोळा केले. यानाच्या वजनाच्या ३८ टक्के इतका हा भाग होता. त्यात सापडलेल्या एका ध्वनिमुद्रण यंत्रासारख्या नोंदयंत्रामुळे अपघाताचा क्रम निश्चित करता आला. काळजीपूर्वक पाहणे आणि वेळेनिशी नोंद ठेवणे ही सामान्य माणसाचीही शास्त्रसेवा ठरू शकते, हे यावरून दिसते.

भारताचे प्रयत्न

भारताने या क्षेत्रात क्रमाक्रमाने पावले टाकली आहेत. १० जानेवारी २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेली ५५० किलोग्रॅम वजनाची कुपी बारा दिवस कक्षेत राहून २२ जानेवारीस बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरविण्यात आली. १८ डिसेंबर २०१४ रोजी मानवी प्रवासासाठी योजलेल्या कुपीच्या नमुन्याची वातावरणातील प्रवेशाची चाचणी झाली व ती कुपीही सागरातून परत मिळविण्यात आली. कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात २ एप्रिल २०२३ रोजी पंख असलेले प्रायोगिक यान हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले असता ते कोणत्याही वैमानिकाविना धावपट्टीवर उतरले. अशा चाचण्या २०२४ मध्येही यशस्वी झाल्या. गगनयान योजनेतील अंतराळवीर सागरातच उतरावयाचे आहेत. त्यासाठी छत्र्यांच्या चाचण्या व नौदलाच्या साहाय्याने कुपी बाहेर काढण्याचे सराव हाती घेण्यात आले.

आकाशातून अनाहूत आलेले

सर्वच वस्तू ठरवून परत येत नाहीत. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब ही अमेरिकन प्रयोगशाळा अनियंत्रितपणे कोसळली. तत्पूर्वी भारतातही बरीच घबराट पसरली होती. प्रत्यक्षात तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागात पडले.

महाराष्ट्राला असा अनुभव २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी आला. विदर्भातील अनेक गावांतून आकाशात तेजस्वी रेघांचा जथा संथपणे सरकताना दिसला. अनेकांना तो उल्कापात वाटला. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे दोन ते तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आणि परिसरात धातूचे गोळे आढळले. कोणासही इजा झाली नाही. २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नंतर तेथे पाहणी केली.

उल्का आणि परतणारी मानवनिर्मित वस्तू यांतील फरक शाळेतही सहज शिकविता येण्याजोगा आहे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते व बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून येणारी वस्तू त्या मानाने मंदगती असते. ती जवळजवळ क्षितिजाला समांतर जाते, तिचे अनेक तुकडे एकामागून एक चालतात आणि हे दृश्य एक मिनिट किंवा त्याहूनही अधिक काळ टिकते. असे काही दिसल्यास घड्याळातील वेळ, दिसण्याची व मावळण्याची दिशा आणि क्षितिजापासूनची उंची यांची नोंद करावी. हात पूर्ण लांब केला असता मिटलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. एवढे माप उंची सांगण्यास पुरेसे आहे.

गावाच्या शिवारात अपरिचित धातूची वस्तू पडल्यास तिला हात लावू नये, ती उघडू अथवा कापू नये. अशा टाक्यांत विषारी इंधनाचा अंश शिल्लक असण्याचा संभव असतो. सरपंच व पोलीस पाटील यांनी मुलांना व गुरांना तेथून दूर ठेवावे आणि तहसीलदार व पोलीस ठाणे यांना त्वरित कळवावे. भंगार म्हणून ती विकणे धोक्याचे तर आहेच, शिवाय तिच्यावरील खुणा नाहीशा झाल्यास ती कोणत्या देशाची हे सिद्ध करणेही अवघड होते. याला कायदेशीर महत्त्व आहे. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू तिच्या मूळ देशाकडे परत सोपविण्याची तरतूद आहे. १९७२ च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या हानीची भरपाई ती वस्तू सोडणाऱ्या देशाकडे मागता येते. दोन्ही करार भारताने स्वीकारले आहेत. १९७८ मध्ये कॅनडात कोसळलेल्या एका सोव्हिएट उपग्रहापायी सोव्हिएट संघाने १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलर दिले होते.

गगनयानातून भारतीय अंतराळवीर परततील, तेव्हा ते दृश्य गावोगावच्या शाळांतून पाहिले जाईल. पडद्यावरील आकडे का उतरत आहेत, संपर्क का तुटला आणि छत्र्या याच उंचीवर का उघडल्या, हे त्या वेळी शिक्षकाला सांगता आले, तर तो एक तास विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विज्ञानाचा उत्तम पाठ ठरेल. त्यासाठी कोणत्याही महागड्या साधनांची गरज नाही. सायकलचा पंप, घड्याळ आणि मोकळे आकाश एवढी सामग्री प्रत्येक गावात उपलब्ध आहे.